वाचकांचे प्रश्न : डॉसमधले जुने प्रोग्रॅम, त्यांची साधने आणि त्यांत अडकलेला मजकूर

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एमएस-डॉस या मायक्रोसॉफ्टच्या विंडोजपूर्व ऑपरेटिंग सिस्टिमविषयी आहेत, याचे आम्हांला नवल वाटले नाही. मायक्रोसॉफ्टने स्वतंत्रपणे विकलेली डॉसची शेवटची आवृत्ती ६.२२ ही १९९४ सालची. परंतु पेढ्यांतले हिशेब, ग्रंथालयांतल्या नोंदी आणि महाविद्यालयांतले प्रात्यक्षिकांचे तास यांतून डॉस अजून उठलेले नाही. आलेल्या पत्रांतील सहा प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या कापडाच्या पेढीचे बिलिंग पंचवीस वर्षांहून अधिक काळ क्लिपर या डॉसवरच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालते. जुना संगणक बंद पडला. नव्यावर विंडोज ११ आहे आणि प्रोग्रॅम उघडताच तो या संगणकावर चालणार नाही, असा संदेश येतो. लिहून देणारे गृहस्थ आता या व्यवसायात नाहीत; त्यांनी दिलेल्या पीआरजी फायली (प्रोग्रॅमचा मूळ लिखित मजकूर) मात्र आमच्याकडे आहेत. हेच चालवता येईल, की नवे सॉफ्टवेअर घ्यावे?
— एक व्यापारी, सोलापूर

उत्तर : दोष आपल्या प्रोग्रॅमचा नाही आणि नव्या संगणकाचाही नाही. डॉसचे बहुतेक प्रोग्रॅम १६ बिटांचे असतात. इंटेलच्या ३८६ पासून पुढच्या प्रोसेसरांत ‘व्हर्च्युअल ८०८६’ नावाची एक सोय होती, आणि विंडोज एनटीच्या घराण्यातला एनटीव्हीडीएम हा घटक ती वापरून प्रत्येक डॉस प्रोग्रॅमला जणू एक वेगळा जुना संगणक उभा करून देत असे. प्रोसेसर ६४ बिटांच्या अवस्थेत गेला की ही सोय मिळत नाही, म्हणून ६४ बिटांच्या विंडोजमध्ये तो घटक नाही. विंडोज १० ची ३२ बिटांची आवृत्ती होती, विंडोज ११ ची निघालीच नाही, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे कोणी जुने विंडोज टाकून देतो म्हणाला, तरी तो उपाय थोड्या दिवसांचा आहे.

पहिली सोय म्हणून आजच्या संगणकावर डॉसची नक्कल उभी करणारे डॉसबॉक्स-एक्स हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे. मूळ डॉसबॉक्स हे खेळांसाठी लिहिलेले आहे. एकाच फाइलवर अनेकांनी काम करताना लागणारे कुलूप आणि छपाई या दोन गोष्टींकडे त्यात मुळातच फारसे लक्ष दिलेले नाही, आणि हिशेबाच्या प्रोग्रॅमला नेमक्या त्याच दोन गोष्टी हव्या असतात. डॉसबॉक्स-एक्समध्ये समांतर पोर्टावर जाणारी छपाई फाइलमध्ये किंवा विंडोजच्या प्रिंटरकडे वळवता येते. आपली बिले डॉट मॅट्रिक्सवर निघत असतील, तर प्रोग्रॅम मजकुरासोबत प्रिंटरला आज्ञाही पाठवत असणार : एप्सनच्या पद्धतीत १५ हा बाइट गेला की अक्षरे बारीक होतात आणि १८ गेला की पूर्ववत होतात. लेझर प्रिंटरवर रकाने विस्कटलेले दिसले, तर प्रोग्रॅमला दोष देण्याआधी हे तपासावे. सुरुवातीलाच ‘डॉस एरर ४’ आला, तर एका वेळी उघडता येणाऱ्या फायलींची मर्यादा ओलांडली आहे एवढाच त्याचा अर्थ. क्लिपरमध्ये प्रत्येक डीबीएफ (नोंदी साठवणारी फाइल) आणि तिची प्रत्येक एनटीएक्स अनुक्रमणिका ही वेगळी फाइल मोजली जाते. कॉन्फिग फाइलमधला ‘फाइल्स’चा आकडा आणि ‘क्लिपर’ या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधला आकडा असे दोन्ही वाढवावे लागतात. एकच वाढवून डोके धरून बसलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

एवढ्याने पेढी उद्यापासून चालू होईल. कायमची वाट वेगळी आहे, आणि पीआरजी फायली हाताशी असल्यामुळे ती आपल्याला खुली आहे. हार्बर हा क्लिपरशी सुसंगत असा मुक्त कंपायलर (लिहिलेल्या मजकुरातून चालणारा प्रोग्रॅम तयार करणारे साधन) १९९९ पासून विकसित होत आला आहे. तो पीआरजी फाइलचे रूपांतर सी भाषेत करतो, पुढे सी कंपायलर त्यातून आजच्या विंडोजचा किंवा लिनक्सचा प्रोग्रॅम तयार करतो, आणि डेटा मात्र त्याच डीबीएफ आणि एनटीएक्स फायलींत राहतो. सरळ क्लिपरमध्ये लिहिलेला मजकूर बहुधा किरकोळ दुरुस्त्यांनी पार होतो. अडते ते बाहेरून जोडलेल्या तयार लायब्ररींपाशी. त्या १६ बिटांच्या असल्यामुळे हार्बरला जोडता येत नाहीत. त्यांपैकी ‘क्लिपर टूल्स’ची बदली हार्बरसोबतच मिळते, बाकीच्यांची शोधावी किंवा लिहावी लागते.

मात्र कंपायलर उतरवून घेण्याआधी एक गोष्ट पाहा. आपल्याकडच्या पीआरजी फायली आज चालणाऱ्या प्रोग्रॅमच्याच आहेत का? १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, तेव्हा आपल्या प्रोग्रॅममध्ये कोणीतरी बदल केलेच असतील. पीआरजी फायलींत ‘जीएसटी’ हा शब्द शोधा. तो सापडला नाही आणि बिलावर मात्र छापला जात असेल, तर आपल्या हाती जुना खर्डा आहे आणि चालू मजकूर त्या गृहस्थांच्या संगणकावरच राहिला आहे. त्यांना आजच फोन करावा. दुसरे असे की वर्षाचे दोनच आकडे टंकायची सवय असेल, तर ‘सेट एपॉक’ ही आज्ञा कोठे आहे ते पाहा. ती नसेल, तर क्लिपर २६ म्हणजे १९२६ समजतो. डीबीएफमध्ये तारीख आठ अंकी, म्हणजे शतकासह साठवलेली असते, त्यामुळे चूक डेटात नसते, टंकताना घुसते.

नवे सॉफ्टवेअर घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागण्यापूर्वी निदान एक महिना दोन्हीकडे तीच बिले करून पैशापर्यंत ताळा जुळतो का, ते पाहावे.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकांची यादी १९९०च्या दशकात ‘जिस्ट कार्ड’ बसवलेल्या संगणकावर मराठीत टंकली होती. फ्लॉपी जपून ठेवल्या आहेत, पण त्यांतली डीबीएफ फाइल आज उघडली की नुसत्या रेघा आणि चौकोन दिसतात. यादी गेली असे समजावे का?
— एक ग्रंथपाल, सांगली जिल्हा

उत्तर : रेघा आणि चौकोन दिसतात, ही चांगली खूण आहे. यादी बहुधा जशीच्या तशी आहे. ती वाचणारे कार्ड तेवढे गेले आहे.

जिस्ट हे तंत्र कानपूरच्या आयआयटीत आकाराला आले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने ते घरोघरी नाही तरी कचेरी-कचेरीत पोहोचवले. ते कार्ड संगणकात बसवले की डॉसच्या साध्या मजकुराच्या पडद्यावर देवनागरी उमटत असे, आणि डीबेससारख्या नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला आपण मराठी हाताळत आहोत याची गंधवार्ताही नसे. हे जमले ते ‘इस्की’ या संकेतप्रणालीमुळे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने ती प्रमाण केली. एका बाइटच्या २५६ जागांपैकी पहिल्या १२८ इंग्रजीला जशाच्या तशा ठेवायच्या आणि वरच्या भागात वर्णमाला बसवायची, अशी ती रचना आहे. अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात, दिसण्याच्या क्रमाने नाही.

उदाहरणादाखल ‘विठ्ठल’ हा शब्द घ्या. इस्कीमध्ये तो २१२, २१९, १९०, २३२, १९०, २०९ अशा सहा बाइटांत मावतो : व, ऱ्हस्व वेलांटी, ठ, हलन्त, पुन्हा ठ आणि ल. हेच सहा बाइट कार्ड नसलेल्या संगणकाने वाचले, तर त्याला त्या जागांवर चौकटी आखण्याच्या खुणा सापडतात. म्हणून आपल्या पडद्यावर पांडुरंगाच्या जागी कोपऱ्यांच्या रेघा, एक भरीव ठोकळा आणि मध्येच ग्रीक ‘फाय’ अवतरतो.

आता क्रमाने करायचे काम सांगतो. फ्लॉपी आहे त्या स्थितीत उघडू नका. आधी तिची संपूर्ण प्रतिमा (बाइटगणिक नक्कल) काढा आणि पुढचे सगळे काम प्रतिमेवर करा. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीचे वाचक यंत्र मिळते, सव्वापाच इंचीसाठी जुना ड्राइव्ह असलेला संगणक किंवा खास सर्किट शोधावे लागते. लिहिण्यास बंदी करणारी खाच आधी पाहा, आणि येथे गल्लत होते : साडेतीन इंचीवरची खिडकी उघडी असली की फ्लॉपी सुरक्षित असते, सव्वापाच इंचीवरची खाच चिकटपट्टीने झाकली की सुरक्षित होते. दोन्हींचा नियम नेमका उलटा आहे. लिनक्सवरचे डीडीरेस्क्यू हे साधन न वाचता येणारे तुकडे सोडून बाकीचे आधी उचलते आणि मग सोडलेल्यांकडे परत येते, म्हणून तेच वापरावे.

फाइल पूर्ण आली का, हे डीबीएफ स्वतःच सांगते. तिच्या आरंभी मथळा असतो, आणि त्याचा पहिला भाग ३२ बाइटांचा असतो. पहिला बाइट ३ असला तर साधी फाइल. त्यानंतरचे तीन बाइट म्हणजे शेवटच्या बदलाचे वर्ष, महिना आणि दिवस. त्यापुढील चार बाइटांत नोंदींची संख्या, मग दोन बाइटांत मथळ्याची लांबी आणि दोन बाइटांत एका नोंदीची लांबी. संख्येतला लहान बाइट आधी येतो, हे लक्षात ठेवा. नोंदींची संख्या गुणिले नोंदीची लांबी अधिक मथळ्याची लांबी, अशी गुणाकार-बेरीज फाइलच्या आकाराशी जुळली (अखेरीस एक बाइट जास्त असू शकतो), तर एकही पुस्तक हरवलेले नाही. प्रत्येक नोंदीचा पहिला बाइट रद्द झाल्याची खूण असतो : तेथे तारांकन असेल, तर ती नोंद ‘पुसलेली’ आहे, परंतु मजकूर अजून जागेवर असतो. वाचनालयाच्या बाबतीत हा अनपेक्षित लाभ ठरतो, कारण गहाळ म्हणून वगळलेली पुस्तकेही अशी दिसून येतात.

रूपांतर करताना पहिली चूक होते ती ही फाइल थेट स्प्रेडशीटमध्ये उघडून जतन करण्याची. तसे करू नये, कारण तेथे विचारल्या जाणाऱ्या संकेतांच्या यादीत इस्की नसते आणि चुकीचा संकेत निवडून जतन केले की मूळ बाइट बदलतात. पायथन येत असलेल्या एखाद्या तरुणाला हाताशी धरा, फाइल ‘लॅटिन-१’ संकेताने वाचायला सांगा, म्हणजे प्रत्येक बाइट एकास एक तसाच हाती येतो, आणि मग इस्कीतून युनिकोड या आजच्या संकेतप्रणालीत न्या. युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर उभी असल्यामुळे बहुतेक अक्षरांना सरळ जोडी आहे. तरी नुसत्या तक्त्यावर विसंबू नका. एकापाठोपाठ दोन हलन्त आले, तर इस्कीत त्याचा अर्थ पाय मोडलेले अक्षर तसेच दाखवा असा असतो. हलन्तानंतर नुक्ता (अक्षराखालचे टिंब) आला, तर अर्धे अक्षर दाखवा असा असतो. आणि चंद्रबिंदूनंतर नुक्ता आला की त्याचा ‘ॐ’ होतो. आयसीयू या मुक्त लायब्ररीत इस्कीचे तयार रूपांतर आहे आणि ‘यूकॉन्व्ह’ या तिच्या आज्ञेने ते करता येते. आपला तक्ता लिहिलाच, तर त्याचे निकाल आयसीयूशी ताडून पाहा.

त्याआधी फाइल खरोखर इस्कीतलीच आहे याची खात्री करा, कारण विंडोजच्या काळातल्या फॉन्टांमध्ये टंकलेला मजकूर हे निराळे प्रकरण आहे. ओळखायची सोपी युक्ती वेलांटीची आहे. यादीत नक्की असेल असा ऱ्हस्व वेलांटीचा शब्द शोधा. वेलांटीचा बाइट व्यंजनानंतर असेल तर इस्की, आधी असेल तर फॉन्टाचा संकेत. फॉन्टात अक्षर दिसते तसे रचलेले असते, म्हणून वेलांटी आधी.

दोन अडचणी पुढे येणारच, त्या आत्ताच सांगून ठेवतो. इस्कीत एका चिन्हाला एक बाइट लागतो, युनिकोड साठवण्याच्या युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘विठ्ठल’ सहाचा अठरा होतो. तेव्हा जुन्या डीबीएफमधला तीस बाइटांचा लेखकाचा रकाना तेवढाच ठेवून त्यात नवा मजकूर कोंबला, तर नावे मध्येच तुटतील. दुसरी अडचण क्रमवारीची. इस्कीत ‘ळ’ हा ‘ल’च्या मागोमाग बसवलेला आहे, मराठी कोशांत तो ‘ह’नंतर येतो, त्यामुळे नुसत्या बाइटांच्या क्रमाने लावलेल्या जुन्या यादीत ‘कळ’ आधी आणि ‘कवडा’ नंतर सापडेल. जुन्या छापील यादीशी पडताळणी करताना ही उलटापालट चूक समजू नये. नव्या यादीत मात्र मराठीचा क्रम निवडून ती सुधारून घ्यावी. आणि हो, सारांशाचे किंवा टिपणांचे रकाने असतील, तर त्याच नावाची डीबीटी फाइल सोबत आणायला विसरू नका. मजकूर तिच्यात असतो, डीबीएफमध्ये केवळ त्याचा क्रमांक असतो.

प्रश्न : अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आम्हांला टर्बो सी प्लस प्लसवर शिकवतात. माझा फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम ७ पर्यंत बरोबर उत्तर देतो आणि ८ ला उणे संख्या देतो. शिवाय ग्राफिक्सचा प्रोग्रॅम ‘बीजीआय एरर’ दाखवतो. हे साधन शिकण्यात वेळ घालवावा का?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : आपला प्रोग्रॅम बरोबर आहे, त्यातली ‘इंट’ (पूर्णांक ठेवायची जागा) लहान आहे. टर्बो सीमध्ये ‘इंट’ १६ बिटांची असते आणि तिच्यात ३२७६७ च्या वरची संख्या मावत नाही. ७ चे फॅक्टोरियल (१ ते ७ यांचा गुणाकार) ५०४०, ते मावते. ८ चे ४०३२०. त्यातून ६५५३६ वजा झाले की उरतात उणे २५२१६, आणि आपल्या पडद्यावर हीच संख्या आली असणार. ‘लाँग’ वापरा म्हणजे १२ पर्यंत निभेल.

बीजीआय ही टर्बो सी बनवणाऱ्या बोर्लंड कंपनीची ग्राफिक्सची सोय; तिची चूक बहुधा मार्ग लिहिण्यातली आहे. फोल्डरचा मार्ग देताना तिरपी रेघ एकदाच लिहिली, तर सी भाषा तिच्यापुढच्या अक्षराशी तिची सांगड घालते : ‘टर्बो’चा पहिला टी रेघेला चिकटून टॅब होतो आणि ‘बीजीआय’चा बी चिकटून बॅकस्पेस. त्या नावाचे फोल्डर जगात कोठेही नसते. रेघ दोनदा लिहा.

वेळ घालवण्याबद्दल विचाराल, तर परीक्षेपुरता घालवा. बोर्लंडची ही साधने सी प्लस प्लसच्या १९९८ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मानकाआधीची आहेत. त्यामुळे त्यांत शिकलेले ‘व्हॉइड मेन’, शेपटीला ‘एच’ लावलेले ‘आयओस्ट्रीम’ आणि पडदा पुसणारे ‘सीएलआरएससीआर’ आजच्या कंपायलरपुढे चालत नाही, आणि स्टँडर्ड लायब्ररीतले जे आज रोज लागते ते त्यांत नसतेच. प्रत्येक प्रात्यक्षिक घरी जी प्लस प्लस या आजच्या मुक्त कंपायलरमध्येही करून पाहा. काय बदलावे लागले ते वहीत लिहिले, तर त्या याद्यांतूनच भाषा कळत जाईल. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी हे साधन केव्हाच निवृत्त करायला हवे होते, असे आमचे मत आहे, आणि ते बदलण्याजोगे कारण आजवर कोणी दिलेले नाही.

एक गोष्ट मात्र तेथेच करून घ्या, कारण आजच्या कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ती करू दिली जात नाही. डॉसमध्ये पडद्यावरचा मजकूर बी-८०० या सेगमेंटपासून स्मृतीत असतो : एक बाइट अक्षराचा, पुढचा रंगाचा. एक ‘फार’ पॉइंटर (स्मृतीतला दूरचा पत्ता धरणारे चल) तेथे रोखून ६५ लिहा. डाव्या कोपऱ्यात ‘ए’ उमटेल. पॉइंटर म्हणजे काय, हे त्या एका अक्षराने जितके समजते तितके तासभराच्या व्याख्यानाने समजत नाही.

प्रश्न : मी निवृत्त अभियंता आहे. पुलांच्या तुळयांच्या गणितासाठी टर्बो पास्कल ७ मध्ये लिहिलेला माझा प्रोग्रॅम सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ देऊन थांबतो. त्याचा अर्थ शून्याने भागाकार असा आहे, परंतु माझ्या प्रोग्रॅममध्ये तसा भागाकार कोठेही नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण म्हणता ते खरे आहे, भागाकार आपला नाही, बोर्लंडचा आहे. प्रोग्रॅममध्ये ‘क्रट’ हे युनिट घेतले, की आपली पहिली ओळ चालण्याआधीच ते संगणकाचा वेग मोजते. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, एक रिकामे चक्र किती वेळा फिरले ते मोजायचे आणि त्या संख्येला ५५ ने भागायचे, की ‘डिले’ या थांबण्याच्या आज्ञेसाठी एका मिलिसेकंदाचा आकडा मिळतो. हा भागाकार १६ बिटांच्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या साठ्यात) ठेवला जातो. सुमारे २०० मेगाहर्ट्झपेक्षा वेगवान पेंटियम आले, तेव्हा उत्तर ६५५३५ च्या वर गेले, रजिस्टरमध्ये मावेना, आणि प्रोसेसरने भागाकाराची चूक जाहीर केली. टर्बो पास्कलला अशा चुकीचे एकच नाव ठाऊक आहे : २००.

उपाय तीन आहेत. मूळ मजकूर नसेल, तर डॉसबॉक्समध्ये प्रोग्रॅम चालवून कंट्रोल आणि एफ-११ या कळांनी वेग उतरवावा. प्रोग्रॅमच्या फाइलमधला तो भागाकार बदलून देणारी छोटी साधनेही निघाली होती, तीही काम देतात. मूळ मजकूर असेल, तर फ्री पास्कल घ्या. तो टर्बो पास्कलची बोली समजतो, ‘क्रट’ युनिटही त्यात आहे, आणि ३.० या आवृत्तीपासून १६ बिटांच्या डॉससाठीही प्रोग्रॅम तयार करतो. तुळयांचे गणित असल्याने एक सावधगिरी सांगावीशी वाटते : टर्बो पास्कलचा ‘रिअल’ हा प्रकार सहा बाइटांचा, त्याचा स्वतःचा होता, फ्री पास्कलमध्ये तो सहसा आठ बाइटांचा ‘डबल’ असतो. शेवटच्या अंकांत फरक दिसेल, आणि जुन्या फायलींत साठवलेले आकडे सरळ वाचता येणार नाहीत.

प्रश्न : हौस म्हणून डॉससाठी नवा प्रोग्रॅम लिहायचा आहे. आज कोणती साधने आणि कोणती माहिती हाताशी असावी?
— एक शिक्षक, फोंडा

उत्तर : ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून फ्रीडॉस घ्या. मायक्रोसॉफ्ट डॉस बंद करणार असे दिसताच जिम हॉल या विद्यार्थ्याने २९ जून १९९४ रोजी हा प्रकल्प जाहीर केला. त्याची १.० ही आवृत्ती यायला २००६ उजाडले, १.३ आली २०२२ मध्ये आणि १.४ आली २०२५ मध्ये. नव्या संगणकांतून जुना बायोस (संगणक सुरू करणारा आरंभीचा प्रोग्रॅम) गेलेला असल्यामुळे ते थेट बसवण्याच्या फंदात पडू नका, संगणकात दुसरा संगणक उभा करणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स किंवा क्यूएमूमध्ये बसवा. पंखा घोंघावू लागला, तर घाबरू नका. डॉसला स्वस्थ बसणे ठाऊक नाही, कळ दाबली जाण्याची वाट पाहतानाही ते प्रोसेसर पूर्ण राबवते. फ्रीडॉससोबतची एफडीएपीएम ही आज्ञा ते शांत करते.

सी भाषेसाठी दोन कंपायलर पुरेत. ओपन वॉटकॉम हा खरा १६ बिटांचा प्रोग्रॅम देतो, आणि तो आजच्या विंडोजवर किंवा लिनक्सवर बसूनही डॉसचा प्रोग्रॅम तयार करू शकतो, ही त्याची मोठी सोय आहे. दुसरा डीजेजीपीपी. डीजे डेलोरी यांनी जीसीसी हा कंपायलर डॉसवर आणला तो हाच. तो ३८६ पासून पुढच्या प्रोसेसरांवर ३२ बिटांत चालतो, त्यामुळे डॉसमधल्या स्मृतीची ६४० किलोबाइटांची कुप्रसिद्ध भिंत आड येत नाही. या दोन्हींची ताकद खेळांनी सिद्ध केली : ‘डूम’ वॉटकॉमवर बांधला होता, ‘क्वेक’ची डॉस आवृत्ती डीजेजीपीपीवर.

परंतु डॉस समजून घ्यायचे असेल, तर आरंभ असेंब्लीने (प्रोसेसरच्या आज्ञांच्या भाषेने) करा, नॅझम हे तिचे साधन घेऊन. किंवा त्याचीही गरज नाही. डॉससोबतच्या ‘डीबग’मध्ये नऊ बाइट टंकले की प्रोग्रॅम होतो. ‘कॉम’ प्रकारची फाइल स्मृतीत जशीच्या तशी उतरते आणि २५६ बाइट सोडून तेथून चालू लागते. त्या २५६ बाइटांत डॉस तिच्याविषयीची टिपणे ठेवते. एएच रजिस्टरमध्ये ९ ठेवा, डीएक्समध्ये मजकुराचा पत्ता ठेवा, हेक्साडेसिमल २१ या इंटरप्टला (डॉसकडून काम करून घेण्याच्या क्रमांकाला) हाक मारा, आणि २० ला हाक मारून बाहेर पडा. नवव्या बाइटानंतर आपला मजकूर, शेवटी डॉलरचे चिन्ह. मजकूर डॉलरने का संपवायचा, असे प्रत्येक विद्यार्थी विचारतो. टिम पॅटर्सन यांनी १९८० मध्ये डॉसचा पूर्वज लिहिताना गॅरी किल्डाल यांच्या सीपी/एम या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाका तशाच ठेवल्या, म्हणजे त्यावरचे प्रोग्रॅम सहज आणता यावेत; डॉलर तेथून आला आणि राहिला.

माहितीच्या बाबतीत राल्फ ब्राउन यांची इंटरप्टांची यादी याला पर्याय नाही. तिची ६१ वी आवृत्ती २००० सालची, आणि पुढची निघाली नाही. कोणत्या हाकेला कोणत्या रजिस्टरमध्ये काय द्यायचे, मायक्रोसॉफ्टने न सांगितलेल्या हाका कोणत्या, कोणत्या आवृत्तीत काय बिघडते, असे सगळे तिच्यात आहे. ती सलग वाचायची वस्तू नव्हे, शेजारी उघडी ठेवायची. खुद्द डॉसचा मूळ मजकूरही आता वाचता येतो : १.२५ आणि २.० या आवृत्त्या मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये एमआयटी या मुक्त परवान्याखाली गिटहबवर ठेवल्या, आणि ४.०० ही एप्रिल २०२४ मध्ये. आम्ही २.० पासून सुरुवात करायला सुचवू, कारण फोल्डरांची झाडासारखी रचना याच आवृत्तीत आली आणि मजकूर अजून एका माणसाच्या डोक्यात मावेल एवढाच आहे.

प्रश्न : ही जुनी साधने कोठूनही उतरवून घेणे कायदेशीर आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सरसकट नाही. फ्रीडॉस, ओपन वॉटकॉम, डीजेजीपीपी, फ्री पास्कल, नॅझम आणि हार्बर मुक्त परवान्याखाली आहेत. बोर्लंडने टर्बो पास्कल ५.५, टर्बो सी २.०१ आणि टर्बो सी प्लस प्लस १.०१ या आवृत्त्या ‘पुराणवस्तू’ म्हणून विनामूल्य दिल्या होत्या. महाविद्यालयांत सर्रास दिसणारी टर्बो सी प्लस प्लसची ३.० ही आवृत्ती त्यांत नव्हती. त्याचप्रमाणे डॉसच्या तीन आवृत्त्यांचा मजकूर खुला झाला म्हणून ६.२२ मोफत झाली असे होत नाही. आपल्याकडे तिच्या मूळ फ्लॉपी असतील तर त्या वापरा, नसतील तर फ्रीडॉस घ्या. या पानावर डॉससाठी सांगितलेले काम त्यावर होते.